नवतप्यातली झोप

नवतपा लागला. मे महिन्याच्या शेवटाचे हे नऊ दिवस आमच्या गोंदियात कॅलेंडर न पाहताही कळतात. सकाळी सातलाच अंगण अनवाणी पायांना नको होतं. दुपारी नळाला पाणी आलंच तर ते चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. रस्त्यावरची माणसं दुपट्ट्यात शिरतात आणि ओळखीचा माणूसही नुसत्या डोळ्यांवरून ओळखावा लागतो. वारा मिलच्या बाजूने फिरला की उकडलेल्या धानाचा वास वस्तीभर पसरतो. ओलसर, गोडूस, थोडा आंबूस. बाहेरून आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात. मला मात्र तो वास आला की बाबा कामावरून घरी आलेत असं वाटतं.

यंदा तो वास आला आणि माझ्या बारावीनंतरचा उन्हाळा आठवला. परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. माणसाच्या आयुष्यात काहीच काम नसलेले दोन महिने क्वचित येतात. मला ते मिळाले होते आणि मी ते बाबांच्या झोपेची राखण करण्यात घालवले.

बाबा उसन्या तांदळाच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. धान भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग कांडायचं, असा तो तांदूळ. त्या वाफेसाठी भट्टीत सतत कोंडा घालावा लागतो. बाबांची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर राख असायची. अंघोळ, भाताची पेज, आणि मग झोप. म्हणजे झोपायचा प्रयत्न. आमच्या दोन खोल्यांवर टिनाचं छप्पर. दहा वाजले की टिन तडतडायला लागायचं आणि अकराला घराची भट्टी व्हायची. कूलर होता, पण वीज असेल तर. शिवाय वस्ती जागी असायची: नळावरची भांडणं, भाजीवाल्याचा भोंगा, लग्नघरांचे लाऊडस्पीकर. बाबा बारा वाजता उठून बसायचे आणि म्हणायचे, झाली माझी झोप. आम्हीही ते खरं मानायचो. दिवसा झोपणाऱ्या माणसाला आणखी झोप हवी असते, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. उलट कुणी आलं तर आई अवघडून सांगायची की रात्रपाळी आहे म्हणून पडले आहेत, एरवी असे लोळत नाहीत.

त्या एप्रिलच्या सुरुवातीला कोहमाऱ्याच्या अलीकडच्या एका गावात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. बाबा सलग बरेच दिवस रात्रपाळी करत होते. त्या दिवशीही सकाळी मिलमधून आले, कपडे बदलले आणि तसेच आमच्याबरोबर बसमध्ये बसले. लग्न अकराचं होतं, लागलं एकला. मांडव कापडी होता आणि त्याच्याखाली हवा नावाला नव्हती. माझे मोठे मामा साठी ओलांडलेले. ते वरातीत भर उन्हात नाचले, घामाने सदरा भिजवून आले आणि दोन ग्लास पन्हं पिऊन पुन्हा नाचायला गेले. बाबा पंचेचाळिशीचे. ते मांडवात खुर्चीवर बसून होते. पाणीही पीत होते, डोक्याला दुपट्टा होता. जेवायला उठले आणि मला म्हणाले, वैशू, भट्टीचं दार लाव. मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत. पुढच्या क्षणी ते पत्रावळीच्या गठ्ठ्यावर कोसळले.

मी त्यांचा हात धरला तेव्हा तो तव्यासारखा तापलेला होता. आणि कोरडा. आजूबाजूला प्रत्येक माणूस घामाने निथळत होता आणि बाबांच्या कपाळावर एक थेंब नव्हता. कोणी कांदा फोडून आणला, कोणी मिठाचं पाणी. मामांनी सगळ्यांना बाजूला सारलं, वऱ्हाडाच्या टेम्पोत बाबांना आडवं घातलं, पिण्याच्या पाण्याचा अख्खा ड्रम त्यांच्या अंगावर ओतवला आणि गाडी दवाखान्याकडे घ्यायला लावली. वाटभर आई ओल्या लुगड्याच्या पदराने त्यांना वारा घालत होती आणि बाबा भट्टीशीच बोलत होते. नर्सिंग शिकताना पुढे मला कळलं की मामांच्या त्या ड्रमानेच बाबा वाचले. तेव्हा फक्त इतकंच कळत होतं की माझे बाबा या गाडीत असून इथे नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शुद्धीवर आले. मला ओळखलं, मामांना ओळखलं, आणि लग्न लागलं का म्हणून विचारलं.

आईला एक प्रश्न छळत होता आणि तिने तो डॉक्टर बाईंना विचारला. ऊन सगळ्यांना सारखं होतं, पाणी सगळ्यांनी प्यायलं होतं, मग हेच का पडले? डॉक्टर तरुण होत्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी आधी बाबांच्या कामाचं विचारलं, मग वहीतून मान वर केली आणि म्हणाल्या, "ये सोते कब हैं?"

आई बोटांवर मोजत म्हणाली, "सकारी नऊले पडते. बाराले उठते. तेवढंच."

डॉक्टर बाईंनी मग आम्हाला समजावून सांगितलं. अंगातली उष्णता शरीर दोन वाटांनी बाहेर टाकतं. रक्त कातडीकडे येतं आणि घाम सुटतो. ज्याची झोप बुडालेली आहे त्याला घाम उशिरा आणि कमी सुटू शकतो. आत उष्णता साठत जाते. वर तो इतका थकलेला असतो की आपल्याला काहीतरी होतंय हेही त्याला वेळेवर उमजत नाही. सावलीत जावं, अंग ओलं करावं, कुणाला हाक मारावी, यातलं काहीच तो करत नाही. एकट्या झोपेमुळेच हे झालं असं त्या म्हणाल्या नाहीत. रात्रभर भट्टीची धग, प्रवास, कोंदट मांडव, सगळंच होतं. पण पाणी सगळ्यांना आठवतं आणि झोप कुणालाच आठवत नाही, एवढं मात्र त्या ठासून म्हणाल्या. घरी सोडताना कागदावर औषधं लिहून दिली. झोपेचं तोंडी सांगितलं, आणि आईने औषधांपेक्षा तेच जास्त मनावर घेतलं.

काही आठवड्यांनी बाबा कामावर जायला निघाले. मिलमध्ये दिवसपाळी मागून पाहिली, पण मुकादम म्हणाला की दिवसा भट्टीजवळ उभं राहणं आणखी वाईट, रात्रच बरी. ते खोटंही नव्हतं. तेव्हा राहिला तो एकच उपाय: दिवसाची झोप. आईने खिडक्यांना ओली पोती लावली. मला दाराशी बसवलं. मी पोरांना हुसकायचे, भाजीवाल्याला लांबूनच हात करायचे, नळावरच्या बायकांना हळू बोला म्हणायचे. त्या हसायच्या. एक जण म्हणाली, "काय व, राजा झोपून राहिला काय तुमचा?" टिनाला मात्र मी गप्प करू शकत नव्हते. बाबा उकाड्याने जागे व्हायचे आणि आमच्याकडे पाहून झोपलो होतो असं सांगायचे. आईच्या चेहऱ्यावर भीती बसली होती. ती रोज संध्याकाळी त्यांच्या कपाळाला हात लावून त्यांना कामावर पाठवायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वस्तीतलं बुद्धविहार झाडायची पाळी आईची होती. अकरा वाजता आम्ही दोघी झाडू आणि बादली घेऊन गेलो. जाड भिंती, उंच छत, वर चुना मारलेला, दोन्ही बाजूंना कडुनिंब. फरशी पुसून झाल्यावर आई भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मला वाटलं दमली. मग पाहिलं तर ती तळहात फरशीवर ठेवून होती. एकदा इथे, एकदा तिथे, जशी भाकरी झाली का पाहतात तशी. म्हणाली, "वैशे, इथं थंड आहे."

रविवारी वंदना संपल्यावर तिने सगळ्यांसमोर विचारलं. सकाळची वंदना झाली की विहार संध्याकाळपर्यंत बंद असतं, तेवढ्या वेळात माझ्या नवऱ्याला इथे झोपू द्याल का. असं विचारताना तिने डॉक्टर बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, अगदी घाम आणि रक्त यांच्यासकट. बाबा मागे उभे होते आणि त्यांना जमीन दुभंगावी असं झालं होतं. कुजबुज सुरू झाली. समितीचे रामटेके काका, निवृत्त पोस्टमन, मनाने चांगले पण नियमाचे पक्के. ते म्हणाले की हे वंदनेचं ठिकाण आहे, धर्मशाळा नव्हे. आज एक आला, उद्या दहा येतील. मूर्तीपुढे पाय पसरून लोक घोरायला लागले तर बरं दिसेल का? त्यांचं म्हणणं पटून काही माना हलल्याही.

तेव्हा कौसाबाई बोलल्या. त्या वस्तीच्या टोकाला एकट्या राहायच्या, एरवी सभेत तोंड उघडायच्या नाहीत. बसल्या जागेवरून, कुणाकडेही न पाहता त्या बोलल्या. "माह्या पोराले रातपाळीच होती. तो सकारी घरी आला का मी त्याले कामं सांगो. पानी आन, लाकडं फोड. दिसा झोपते म्हनून लोक हासत, मले लाज वाटे. एक दिवस भर दुपारी सायकलवरून पडला तो उठलाच नाई. सारे म्हनत, ऊन लागलं. मी बी तेच म्हनत आली. आज ही बाई सांगून राहिली तवा मले समजलं." मग म्हणाल्या, "त्याले झोपू द्याले पाहिजे होतं मी."

रामटेके काकांनी चष्मा काढून पुसला. मग खिशातून किल्ली काढली आणि आईच्या हातात न देता कौसाबाईंच्या हातात दिली. नियम मात्र सांगितलेच: डोकं मूर्तीकडे, पाय दाराकडे, विडी-तंबाखू नाही, चारला उठायचं, कारण पाचला मुलांचा वर्ग.

बाबा दोन दिवस गेले नाहीत. लोक म्हणतील याला घर नाही का. तिसऱ्या दिवशी आईने चटई गुंडाळून त्यांच्या काखेत दिली आणि दार लावून घेतलं. ते गेले. मी दोन वाजता कडुनिंबाखालून डोकावले. बाबा कुशीवर झोपले होते, तोंड किंचित उघडं, एक हात फरशीवर पसरलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलंच नव्हतं. मला नेहमी दिसायचा तो झोपायचा प्रयत्न करणारा माणूस. दाराच्या पायरीवर कौसाबाई बसल्या होत्या, हातात किल्ली घेऊन. मला पाहून त्यांनी बोटानेच खूण केली, जा म्हणून. चारला बाबा उठले, घरी आले आणि आज कोणता वार आहे असं विचारलं. त्या रात्री कामावर जाताना ते दारात थांबून आईशी काहीतरी बोलले आणि आई हसली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

रामटेके काकांचं म्हणणं खरं ठरलं, दुसरे आलेच. आधी आमच्याच वस्तीतला एक हमाल. मग बसचा एक क्लिनर. एक दिवस बिसेन भाऊ आले. हे बाजूच्या गावचे, पोवार जातीचे, शेतीवाले, शहरात एका गोदामावर रात्रीचे चौकीदार होते. ते फाटकाशी चपला हातात घेऊन उभे राहिले. आत यावं का, आपण चालतो का, की आपल्या घरच्यांना हे चालेल का, यातलं नेमकं कशाचं अवघडलेपण होतं कोण जाणे. बाबा नुकतेच चटई पसरत होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "या ना भाऊ. चटई आनली का? नसन तर माही घ्या अर्धी." बिसेन भाऊ आत आले. नवतपा संपेपर्यंत तिथे सात जण झोपत होते, ओळीने, सगळ्यांचे पाय दाराकडे.

आणि वस्ती शांत झाली. कोणी फर्मान काढलं नव्हतं. विहाराच्या गल्लीत सायकलची घंटी वाजेना. भाजीवाला कोपऱ्यावर भोंगा बंद करून नुसताच ढकलगाडी ढकलत पुढे जायचा. एका घरी हळद होती, त्यांनी लाऊडस्पीकर चारनंतर लावला. मला राजा कोण म्हणून विचारणारी ती बाई नळावर आपल्याच सुनेला हळू बोल म्हणताना मी ऐकलं. कुणाच्या तरी झोपेसाठी सबंध गल्लीने आवाज खाली घ्यावा, याहून मोठी माया मी नंतरही फार ठिकाणी पाहिली नाही.

त्या उन्हाळ्यामुळेच मी नर्सिंगला गेले. आता दरेकशाच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात आहे. बाबांनी बॉयलर सोडून काही वर्षं झाली. ते आता मिलच्या फाटकावर दिवसपाळीला असतात. कौसाबाई गेल्या. किल्ली आता बिसेन भाऊंकडे असते आणि विहारात दुपारी अजूनही चटया पडतात, नव्या माणसांच्या.

आमच्या केंद्रात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया येतात. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. मी पाण्याचं विचारते आणि झोपेचंही विचारते. यंदा एक बाई माझ्या प्रश्नावर हसलीच. तीनला उठून जंगलात जायचं, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी चूल. "झोपाचं कोन इचारते बाई आमाले," ती म्हणाली. तिला आडवं करून मी तिच्या मानेवर ओलं फडकं ठेवलं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मीही कधी विचारलेलं नाही. आईला.

बाबांची झोप राखली गेली त्या उन्हाळ्यात आई पहाटे चारला नळासाठी उठायची, मिलच्या अंगणात धान फिरवायला जायची, दुपारी बाबांसाठी घरातली कामं आवाज न करता उरकायची. तिच्या हातून एकदा पाण्याने भरलेली गुंड सुटली होती आणि मी तिच्यावर चिडले होते, आवाज झाला म्हणून. इतकी वर्षं मला ते आठवलंही नव्हतं.

सुट्टीला घरी आल्यावर मी तिला विचारलं की तू किती झोपतेस. तिला प्रश्नच मजेशीर वाटला. चार तास होते, म्हणाली, अन् कायले पाहिजे. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर उठून उभे राहिले ते बाबाच, एके काळी मागे तोंड लपवून उभे राहणारे. विहाराला लागून मुलांच्या अभ्यासाची नवी खोली झाली आहे, ती दुपारी रिकामी असते. ती एक ते चार बायांना पडायला द्यावी, असं ते म्हणाले. रामटेके काका आता फार थकले आहेत. त्यांनी नियम विचारले नाहीत, नुसता हात वर केला.

पहिले दोन दिवस आई तिथे डोळे उघडे ठेवून पडून राहिली आणि गॅस बंद आहे ना ते पाहायला तीनदा घरी आली. बाबांनी मग आणखी एक केलं. पहाटेच्या नळावर ते स्वतः जाऊ लागले. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, दोन बादल्या घेऊन. पहिल्या दिवशी त्यांची चेष्टा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना पुढे जागा दिली गेली, असं ते सांगतात.

आज मी रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने घरी आले. नऊ वाजून गेले होते, रस्ता तापला होता. घरात शिरताना मी हाक मारणार इतक्यात बाबांनी आतून हात हलवला. आज त्यांची सुट्टी होती. ते चुलीशी नव्हे, गॅसशी उभे होते, डाळीला फोडणी द्यायची की नाही या विचारात, कारण फोडणीचा आवाज होतो. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. सकाळी नऊ वाजता.

मी पाय धुतले आणि गप्प बसून राहिले. साडेनऊच्या सुमारास ती उठली. घड्याळ पाहून काऊन उठवलं नाही म्हणून आम्हा दोघांवर थोडी चिडली. केस बांधले, उंबरठ्यावर येऊन बसली, आणि काही न करता बाहेर पाहत राहिली. किती वेळ, ते मी पाहिलं नाही. मग मान न वळवता म्हणाली, "थोडा चहा मांडा ना."

आईने बाबांकडे चहा मागितलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाबांनीही. ते क्षणभर तसेच उभे राहिले, आणि मग भांडं शोधायला लागले.